आडवाट : स्प्लेंडरला डोंगर झेपेल का?

मागच्या अंकात मी पावसाळ्याआधी घटसर्पाच्या लसी घेऊन सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर कसा फिरायचो ते लिहिलं होतं. वाटलं होतं, गुरांबद्दल पत्रं येतील. आली ती सगळी गाडीबद्दल. पशुधन पर्यवेक्षक म्हणून उभी नोकरी काढली, पण विचारतात काय, तर चिखलात गाडी कशी चालवायची! बरं, गाडी तर गाडी. तिच्यावरही तेवढीच वर्षं काढली आहेत. ‘ऑफरोडिंग’ हा शब्द मी निवृत्तीनंतर ऐकला. आमच्या वेळी त्याला ‘ड्युटी’ म्हणायचे. खाली आधी पत्र, मग माझं उत्तर.

मी पारोळा तालुक्यातला, वय २३, नोकरी जळगावला. वडिलांची स्प्लेंडर प्लस माझ्याकडे आहे. ऑफिसातले मित्र मोठ्या गाड्या घेऊन रविवारी सातपुड्याकडे कच्च्या रस्त्यांवर जातात. मला म्हणतात, “तुझी दूधवाल्याची गाडी आहे, ती तिकडे आणू नको.” ही गाडी कच्च्यावर नेणं खरंच चूक आहे का? कर्ज काढून दुसरी घेऊ का?

कर्ज काढू नका. आणि मित्रांना सांगा, दूधवाल्याला नावं ठेवायच्या आधी एकदा त्याच्या मागे जाऊन दाखवा. पहाटेच्या अंधारात, दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लटकवून, गाडवाटेच्या चाकोरीतून पाय न टेकता जो येतो, त्याच्याइतका पक्का स्वार मला जिल्ह्यात दुसरा दाखवा.

तुमच्या गाडीची मोठी जमेची बाजू म्हणजे वजन. स्प्लेंडर साधारण ११२ किलोची. मित्रांच्या मोठ्या गाड्या दोनशे किलोच्या आसपास जातात. चालत्या गाडीत हा फरक फारसा कळत नाही, पडल्यावर कळतो. नवखा माणूस पडणारच. उन्हात तिसऱ्यांदा गाडी उभी करायची वेळ आली की ११२ किलो आणि दोनशे किलो यांत माणूस घरी जातो की मदत शोधत बसतो एवढा फरक पडतो. दुसरं, ९७ सीसीचं इंजिन तुम्हाला चुकू देतं. घाबरून रेस जास्त दिली तरी मागचं चाक थोडं फिरतं, गाडी अंगावर येत नाही.

आता उणी बाजू. पोटाखालची जागा १६५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम साडेसहा इंच. डोंगरासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या एक्सपल्स २०० ला ती २२० आहे. त्यामुळे सात-आठ इंच उंचीचा धोंडा त्यांच्या गाडीखालून जाईल, तुमचा आधी मेन स्टँड घासेल, मग इंजिनचं पोट. तुमच्या शॉकअपचा प्रवासही थोडका. वेगात खड्ड्यात घातली तर ‘ठक्’ आवाज येतो, तो गाडीने केलेला नमस्कार समजा आणि हळू व्हा. उडी मारणं, नाल्याच्या धोंड्यांतून रेटत नेणं, हे तिचं काम नाही. शेतरस्ता, मुरुमाचा चढ, वाळू, उथळ ओहोळ, जंगलाकडेची गाडवाट हे सगळं ती आरामात करते. पाड्यांवर जाऊन बघा, तिथे हीच गाडी तीन माणसं आणि खताची गोणी घेऊन चढताना दिसेल. (तीन माणसं बसवा असं मी म्हणत नाही.)

सुरुवात डोंगरात करू नका. स्वतःच्या किंवा ओळखीच्या शेतात, पीक निघाल्यावर, मालकाला विचारून करा. फक्त कापसाची पऱ्हाटी उपटून झालेली आहे ना ते बघा. कापलेल्या पऱ्हाटीचे खुंट टायरला खिळ्यासारखे शिरतात. दोन दगड दहा-बारा पावलांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत राहा. पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला, मागच्या ब्रेकवर हलका पाय. पाय न टेकता वीस आकडे झाले की दगड जवळ आणा. हा खेळ पोरकट वाटतो. मी तो दोन महिने केला, कारण माझ्या गाडीला द्रवरूप नत्राचा कंटेनर अडकवलेला असायचा. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यात उणे १९६ अंशांवर ठेवतात. तो कलंडला की नत्र सांडणार आणि वर जाऊन साहेबांना उत्तर द्यायचं. कंटेनर न हिंदकळवता चालवायला लागल्यावर मला गाडी चालवता येते असं वाटायला लागलं.

आठचा आकडा बसला की उभं राहून चालवा. फूटरेस्टवर तळपाय, गुडघ्यांत टाकी हलकी धरलेली, कोपर जरा बाहेर, हात सैल. उभं राहायचं ते रुबाबासाठी नाही. बसलात की खड्ड्याचा दणका सीटमधून कण्यात जातो. उभे राहिलात की गुडघे तो गिळतात आणि गाडी खाली हवी तशी हलू शकते. स्प्लेंडरचं हँडल उभ्या माणसाला बुटकं पडतं, पाठ वाकते. हँडलचे बोल्ट सैल करून ते थोडं पुढे फिरवून घ्या, आराम पडेल. घट्ट करायला विसरू नका. हसू नका, माझ्या एका सहकाऱ्याने हे केलं आहे.

नजर चाकासमोर नको, पंधरा-वीस पावलं पुढे. धोंड्याकडे बघत राहिलात की गाडी धोंड्यावरच जाते. का ते मला माहीत नाही, पण बैलगाडी हाकणारेही हेच सांगतात.

हवेचं सगळेच विचारतात. कंपनीने पुढच्या चाकाला २५ पीएसआयच्या आसपास सांगितली असते. कच्च्यावर २० पर्यंत उतरवलीत तर टायर जमिनीला बरा धरतो. त्याखाली जाऊ नका. ट्यूबच्या टायरमध्ये हवा फार कमी झाली की टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढतो आणि वाल मुळातून उपटतो. शिवाय धोंड्यावर आदळलं की ट्यूब रिम आणि दगड यांत चिमटते, शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. डांबरी लागली की हवा पुन्हा भरा. सायकलचा पंप जवळ ठेवला की झालं.

अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव रस्त्यापासून अडीच किलोमीटर आत, सगळी काळी जमीन. पाऊस झाला की पुढचं चाक मडगार्डात जाम होतं आणि गाडी जागेवर थांबते. काही उपाय?

हा खरा खानदेशी प्रश्न. वरच्या पत्रातल्या भाऊंच्या मित्रांना हा कधी पडायचा नाही, कारण ते पावसाळ्यात येत नाहीत.

आपली कापसाची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि लोण्यासारखी होते. टायरच्या खाचा पहिल्या वीस पावलांत भरून जातात, मग तुमचा टायर गुळगुळीत. तोच गाळ चाकाबरोबर वर जातो, मडगार्ड आणि टायर यांतल्या बोटभर फटीत ठासून बसतो, त्यात गवताची काडी आली की पक्का गिलावा. चाक थांबतं. लोक मग रेस देतात, मागचं चाक खड्डा करतं आणि गाडी बुडापर्यंत बसते. एकदा असं झालं तेव्हा बांधावर बसलेल्या म्हाताऱ्याने मला विचारलं होतं, “काय व्हयनं, डाक्टर?” मी म्हटलं, “जाम व्हयनी.” तो म्हणाला, “हायी गाडी शे भो, बैल न्हई. बैल सोता पाय काढी लेतो.” आणि खुरपं आणून दिलं.

उपाय दोन. पहिला, मडगार्डाची फट वाढवणं. काही गाड्यांना मडगार्ड आणि त्याचा पत्रा यांच्यामध्ये वॉशर टाकून ते अर्धा-पाऊण इंच वर घेता येतं, मेकॅनिकला विचारा. पावसाळ्यापुरतं पुढचं मडगार्ड काढून ठेवणारे शेतकरी मी खूप बघितले. त्यांचा तोंडावर चिखल घ्यायचा निश्चय असतो. शेताच्या वाटेपुरतं ठीक, पण मोठ्या रस्त्यावर तशी गाडी आणू नका, मागच्याच्या काचेवर खडे उडतात. कडक लाकडाची हातभर चपटी काठी कॅरियरला कायम बांधलेली असू द्या. लोखंडी सळई नको, स्पोक वाकतात.

दुसरा उपाय स्वस्त आहे आणि कोणालाच आवडत नाही. थांबा. पाऊस उघडल्यावर काळी जमीन वाफशावर यायला वेळ घेते. तुम्ही शेतकरी आहात, वाफसा मला शिकवायची गरज नाही. जी माती मुठीत दाबल्यावर गोळा होते आणि बोटाने टोचल्यावर फुटते, तिच्यावर गाडी चालते. जी बोटालाच चिकटून येते तिच्यावर औत घालत नाही ना? मग गाडी तरी का घालता? घाई असेल तर गाडी डांबरीपाशी ओळखीच्या खळ्यात लावा आणि अडीच किलोमीटर चाला. मी कितीतरी वेळा लसीचा डबा डोक्यावर घेऊन चाललो आहे.

नाइलाजाने जायचंच तर बैलगाडीच्या चाकोरीत शिरू नका, तिथे गाळ सगळ्यात खोल असतो आणि एकदा चाक आत गेलं की बाहेर काढताना आडवं होतं. मधल्या उंचवट्यावरून किंवा गवत असलेल्या कडेने जा. गवताची मुळं माती धरून ठेवतात. दुसरा गिअर, एकसारखी रेस, पुढचा ब्रेक नाही म्हणजे नाही. गाडी डुलेल, डुलू द्या. हँडल घट्ट आवळलंत की पडलात. घरी आल्यावर साखळी आणि चेनकव्हरमधला गाळ त्याच दिवशी काढा. वाळल्यावर तो सिमेंट होतो आणि साखळी खातो.

गिरणेच्या कोरड्या पात्रातून पलीकडच्या गावाला जवळचा रस्ता आहे. वाळूत गाडीचं पुढचं चाक भरकटतं आणि मी दरवेळी आडवा होतो.

वाळू आणि चिखल यांत फरक एवढाच की वाळूत थांबलात की संपलं. वाळूत शिरण्यापूर्वीच दुसरा गिअर टाका, अंग थोडं मागे घ्या म्हणजे पुढचं चाक हलकं होऊन वर तरंगतं. आणि चाक भरकटायला लागलं की सगळे जे करतात, म्हणजे रेस सोडणं, ते करू नका. रेस सोडली की वजन पुढे येतं, चाक रुततं. उलट किंचित रेस द्या, गाडी आपोआप सरळ होते. पहिले चार वेळा हिंमत होणार नाही. वाळूत पडून फारसं लागत नाही, त्यामुळे शिकायला ही जागा उत्तम.

एक मात्र. वाळू उपसलेल्या पात्रात ट्रॅक्टरने केलेले खड्डे दुरून दिसत नाहीत. नवा मार्ग असेल तर आधी पायी जाऊन या.

मी अक्राणी तालुक्यात आश्रमशाळेत शिक्षिका आहे. भावाची ११० सीसीची गाडी चालवते. चढ जमतो, पण शाळेकडे उतरताना मुरुमाचा तीव्र उतार आहे, तिथे गाडी सरकते आणि जीव मुठीत येतो. रोज उतरून, गाडी हातात धरून खाली आणते. पुरुष शिक्षक हसतात.

ताई, हसणाऱ्यांना हसू द्या. गाडी हातात धरून उतरवणं ही चूक नाही, तो आमच्याकडे शिकवायचा पहिला धडा होता. फक्त तीही पहिल्या गिअरमध्ये, इंजिन बंद ठेवून, क्लच जरा जरा सोडत उतरवा, म्हणजे गाडी तुम्हाला ओढत नेणार नाही.

मुरुमाचा उतार म्हणजे पसरलेले हरभरे. ब्रेकने चाक थांबलं की चाक फिरायचं बंद होतं, पण गाडी थांबत नाही. हरभऱ्यांवरून ती तशीच घसरत जाते. म्हणून गाडी ब्रेकने नाही, इंजिनने उतरवायची. उताराच्या तोंडाशी पूर्ण थांबा. पहिला गिअर. क्लच पूर्ण सोडून द्या आणि त्यावरची बोटं काढून हँडलला लावा, कारण घाबरल्यावर हात आपोआप क्लच दाबतो. क्लच दाबला की इंजिनने धरलेली गाडी सुटली. रेस शून्य. इंजिन गुरगुरत गाडीला अडवत नेईल. तरीही वेग वाढला तर मागचा ब्रेक थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पुढचा ब्रेक एका बोटाने, गाडी सरळ असतानाच. वळणावर त्याला हात लावू नका. अंग मागे, पोट सीटच्या वर, हात जवळजवळ ताठ.

शंभरच्या कितीतरी गाड्यांत चारही गिअर पुढे दाबून पडतात, टाचेने उतरतात. उतारावर पाय चाचपडत गिअर बदलायला गेलात तर भलताच पडतो. म्हणून गिअर वरच ठरवा आणि पायथ्यापर्यंत तोच ठेवा.

तुम्ही विचारलं नाही, पण चढावर बंद पडली तर काय, हेही सांगतो. पुढचा ब्रेक एकटा धरून उपयोग नाही. चढावर वजन मागच्या चाकावर असतं, पुढचं चाक ब्रेक लागलेल्या अवस्थेत मागे घसरतं. इंजिन बंद असू द्या, गिअर पडलेला असू द्या, क्लच सोडून द्या. बंद इंजिन हाच सगळ्यात मोठा ब्रेक. मग डोंगराच्या बाजूला उतरा. दरीच्या बाजूला कधीच नाही. हँडल वळवा, क्लच जरासा दाबून गाडी हातभर मागे येऊ द्या, सोडा. असं करत ती रस्त्याला आडवी झाली की तोंड खाली करा आणि वरच्या रीतीने उतरा. हे आधी सपाटीवरच्या बांधाच्या चढावर चार-पाच वेळा करून बघा.

आणि पायात चप्पल घालून जात असाल तर घोटा झाकणारा बूट घ्या. साडीऐवजी सलवार घालत असाल तर ओढणी आत खोचा.

पावसाळ्यात सातपुड्याच्या बाजूला जाताना ओढे लागतात. पाण्यातून गाडी किती खोल जाते? – चोपडा

१८ इंची चाकाचा अॅक्सल जमिनीपासून फूटभर उंचीवर असतो. पाणी त्याच्या खाली असेल, तळ दिसत असेल आणि तुम्ही स्वतः पायी चालून पलीकडे जाऊन आला असाल, तरच गाडी घाला. पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या रेसवर. मध्ये रेस सोडली की सायलेंसरमधून पाणी आत शिरायला बघतं. बाहेर आल्यावर शंभर पावलं मागचा ब्रेक हलका दाबून चला, ओले ड्रम ब्रेक पहिल्यांदा लागतच नाहीत.

पाण्यात बंद पडली तर किक मारू नका, सेल्फ तर नकोच. ढकलून बाहेर काढा. एअर फिल्टर उघडून बघा. आत पाणी दिसलं तर प्लग काढा, चावी बंद ठेवून दहा-पंधरा किक मारा, पाणी पिचकारीसारखं बाहेर येतं. ऑइल ताकासारखं पांढरट झालं असेल तर गाडी चालू न करता टेम्पोत घाला. कागदी फिल्टर भिजला तर वाळवून परत बसवू नका, नवा टाका.

गढूळ पाणी, फरशी पुलावरून वाहणारं पाणी, याबद्दल मला उत्तरच द्यायचं नाही. वर डोंगरात पाऊस कोसळतो आणि खाली तुमच्या डोक्यावर ऊन असतं. लोंढा येताना आधी काड्या-पाला वाहत येतो आणि पाण्याचा रंग बदलतो. ते दिसलं की मागे फिरा आणि चहा प्या.

सोबत काय ठेवावं? साडीगार्ड आणि आरसे काढून टाकले तर चालेल का? पालच्या जंगलात गाडी नेता येईल का? – रावेर

एकेक सांगतो. साडीगार्ड काढू नका, मागे बसणाऱ्याच्या संरक्षणासाठी मागच्या चाकाचा काही भाग झाकणं कायद्याने बंधनकारक आहे. आरसे आत वळवून ठेवा. क्लच आणि ब्रेकच्या दांड्यांचे बोल्ट मात्र जरा सैल ठेवा, म्हणजे गाडी पडल्यावर दांडी फिरते, तुटत नाही.

सोबत ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पंप, चाकांच्या नटाला बसणारे पाने, एक क्लच केबल, एक प्लग, थोडी तार, चिकटपट्टी. वेड्या बाभळीच्या काट्यांच्या प्रदेशात राहतो आपण, पंक्चर काढता येणं हे गाडी चालवण्याइतकंच महत्त्वाचं. एकदा अंगणात बसून स्वतः काढून बघा. दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात चार. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा नऊच्या आत घरी या.

पाल हे यावल अभयारण्यात येतं. ठरलेला रस्ता सोडून आत गाडी घालणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. परवानगी असेल तिथेच, परवानगी असेल तेवढंच.

तुम्ही स्वतः किती वेळा पडलात? खरं सांगा. – भडगाव

मोजलं नाही. पण एक लक्षात आहे. सकाळची वेळ, मुरुमाचा चढ, मागे नत्राचा कंटेनर आणि त्यावर एका शेतकऱ्याने प्रेमाने बांधून दिलेली भरताची दहा किलो वांगी. एवढं वजन मागे गेल्यावर पुढचं चाक काय करतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चढाच्या मध्यावर ते उचललं, मी मागे, गाडी बाजूला. कंटेनरला मिठी मारून बसलो होतो, तो सांभाळला. वांगी मात्र उतारावरून गडगडत खालच्या पाड्यापर्यंत गेली आणि पोरांनी ती वेचून आणून दिली, एक सोडून सगळी.